अहिल्याबाईंच्या नावाचा सन्मान आणि आपल्या लेकी



नगर-सोलापूर रस्त्यावरील आपल्या मिरजगावाहून शेजारच्या जामखेड तालुक्यातील चौंडी काही फार लांब नाही. याच चौंडीत ३१ मे १७२५ रोजी माणकोजी शिंदे यांच्या घरी अहिल्याबाईंचा जन्म झाला. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती, अशा काळात माणकोजींनी लेकीला लिहावाचायला शिकविले. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी होळकरांच्या दौलतीचा कारभार चालविला. २०२४ साली आपल्या जिल्ह्यालाही त्यांचेच नाव मिळाले. एका बापाने घरात गिरवून घेतलेली अक्षरे कुठवर पोहोचली पाहा!

भारत सरकारने १९९९ साली कर्तबगार स्त्रियांसाठी 'स्त्री शक्ती पुरस्कार' सुरू केले. त्यांना जिजामाता, राणी लक्ष्मीबाई, कण्णगी, राणी गाईदिनल्यू यांच्याबरोबर अहिल्याबाईंचेही नाव देण्यात आले. पहिल्या मानकऱ्यांत मदुराईकडील चिन्ना पिल्लै ही शेतमजूर बाई होती. तिने गावोगावच्या गरीब बायकांना बचतीसाठी एकत्र आणले. पुरस्कार देताना पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी तिच्या पायांशी वाकले, हे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. २०१५ साली या सन्मानाचे नाव 'नारी शक्ती पुरस्कार' झाले.

आणि हा मान आपल्या जिल्ह्यातही आला. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले आणि बियाण्यांची बँक उभी केली. ८ मार्च २०१९ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्यांना २०१८ चा नारी शक्ती पुरस्कार मिळाला. पुढे पद्मश्रीही मिळाली. राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत.

इथे एखादा पालक म्हणेल, "मग मुलीला शाळा कशाला हवी?" पालकहो, हा अर्थ चुकीचा आहे. राहीबाईंना शाळा मिळाली नाही, तरी त्यांनी बियाण्याची विद्या आत्मसात केली. यात त्यांचा मोठेपणा आहे, शाळा न मिळण्याचा नव्हे. शाळेविना हरवून गेलेल्या हजारो हुशार मुलींची मोजदाद कोणी ठेवली आहे?

दुसरे उदाहरण श्रीनगरच्या आरिफा जान यांचे आहे. त्यांनी हस्तकलेच्या संस्थेत रीतसर शिक्षण घेतले आणि मग काश्मीरची लोप पावत चाललेली नमद्याची कला पुन्हा उभी केली. कारागिरांच्या हाताला काम मिळाले. ८ मार्च २०२० रोजी त्यांना हाच पुरस्कार मिळाला. हुनर पिढीजात असेल, पण त्याचा बाजार, हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळायला तालीमच लागते.

आता आपल्या इतिहासाकडे या. १५९५-९६ साली मोगल फौजेपुढे नगरचा किल्ला लढविणारी चाँदबिबी याच मातीतील. पुण्यात सावित्रीबाईंना साथ देणाऱ्या फातिमा शेख यांचा उल्लेख सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आला आहे. चाँदबिबीचे नाव किल्ल्याच्या इतिहासात राहिले. फातिमाबींची आठवण मात्र मुख्यतः त्या पत्रातील थोड्या शब्दांवर टिकून आहे. सावित्रीबाईंना लिहिता येत होते, म्हणून त्यांच्या सोबतिणीचे नाव आपल्यापर्यंत आले. लेखणीचे मोल याहून अधिक काय सांगावे?

इल्म मिळविणे स्त्री-पुरुष दोघांवरही फर्ज आहे, हे आपण मजलिसीत ऐकतो, माना डोलवतो आणि दहावी झाली की लेकीचे दप्तर फळीवर ठेवतो. कारणे खरी असतात : एसटीचा प्रवास, फीचे पैसे, लोकांची बोलणी. पण माणकोजींच्या काळात लोक बोलत नसतील का?

विद्यार्थिनींनो, पुरस्कार सगळ्यांना मिळत नाहीत आणि त्यासाठी शिकायचेही नसते. आपले नाव आपल्या हाताने लिहिता यावे, आपले काम दुसऱ्याला समजावून सांगता यावे, एवढे मिळाले तरी पुष्कळ. पालकहो, फळीवरचे दप्तर तेवढे खाली काढा. बाकीचे आपल्या लेकी पाहून घेतील, इन्शाअल्लाह.