मेन थ्रेडचं सोवळं

मध्यंतरी हौसेखातर व्हिडिओ दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन प्रकारच्या मशीनवर सुरळीत चालला, तिसऱ्यावर उघडताक्षणी कोसळला. चूक माझीच होती. खिडकी मी 'मेन थ्रेड' सोडून भलत्याच थ्रेडमधून उघडली होती.

थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला कामगार. सुरुवातीला एकच असतो, तो मेन थ्रेड. पुढे आवाजाला एक, व्हिडिओ उलगडायला एक, असे आणखी नेमता येतात. पण खिडकी, कीबोर्ड, माउस यांना बहुतेक ठिकाणी एकानेच हात लावायचा. आठ-आठ कोअरच्या जमान्यात हे सोवळं कशाला?

तर मंडळी, ते मोडायचे प्रयत्न इथे अमेरिकेत झालेले आहेत. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गासे यांनी १९९० साली कॅलिफोर्नियात 'बी' कंपनी काढली. त्यांच्या बीओएसमध्ये प्रत्येक खिडकीला स्वतःचा थ्रेड! एक काम अडलं तरी खिडकी गोठत नसे. मात्र दोन खिडक्यांनी एकच माहिती वापरली, तर कुलपं सांभाळायची प्रोग्रॅमरने. १९९६ साली अ‍ॅपल नव्या सिस्टिमच्या शोधात होती. बीशी बोलणी झाली, पण किमतीवर अडलं आणि डिसेंबरात अ‍ॅपलने स्टीव्ह जॉब्जची नेक्स्ट घेतली. हा निर्णय काही थ्रेड पाहून झाला नव्हता, पण नेक्स्टबरोबर तिचं सोवळंही आलं. ते २००१ साली मॅक ओएस टेनमध्ये आणि २००७ साली आयफोनमध्ये शिरलं. बीची मालमत्ता २००१ मध्ये पामने १ कोटी १० लाख डॉलरला घेतली.

दुसरा प्रयत्न सन कंपनीचा. जावाच्या पहिल्या खिडक्यांना कुठल्याही थ्रेडने हात लावावा अशी कल्पना होती. १९९८ च्या स्विंगने ती सोडली. सनच्याच ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ साली कारण सांगितलं. माउसची टिचकी खालून, सिस्टिमकडून वर येते. प्रोग्रॅमचा हुकूम वरून खाली जातो. वाटेत दोघेही कुलपं घेतात, पण उलट्या क्रमाने. एकीने पोळपाट धरला, दुसरीने लाटणं, आणि दोघी एकमेकींच्या हातातल्या वस्तूची वाट पाहत बसल्या. मग पोळ्या कसल्या होतात!

याच १९९८ साली सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी आली. खेळ एकदा लिहा, सगळीकडे चालवा. तिच्या मदतीने त्यांनी 'डूम' बीओएसवर नेला. पण घरोघरी रीत वेगळी. विंडोजवर ज्या थ्रेडने खिडकी केली त्यालाच तिचे निरोप मिळतात; मॅकवर फक्त मेन थ्रेडला. सगळ्यांकडे जेवायला जायचं तर सर्वांत कडक घराचं सोवळं पाळावं लागतं. म्हणून काही सिस्टिमवर एसडीएल तुमच्या 'मेन' फंक्शनचं नावच बदलते, आधी स्वतःचं चालवते आणि मग तुमचं बोलावते.

जानेवारी २०२५ मध्ये एसडीएल ३ ची स्थिर आवृत्ती आली. तिच्या माहितीपत्रात आता फंक्शनगणिक लिहिलेलं आहे, की हे कुठल्या थ्रेडमधून बोलवायचं. शिवाय दुसऱ्या थ्रेडला आपलं काम मेन थ्रेडकडे पाठवायची सोयही आहे. म्हणजे सत्तावीस वर्षांत सोवळं सुटलं नाही, फक्त दारावर पाटी लागली. मला विचाराल तर तेच मोलाचं. नियमाचा जाच होत नाही, न सांगितलेल्या नियमाचा होतो.

असो. माझा प्रोग्रॅम आता चालतो. व्हिडिओ उलगडतो दुसरा थ्रेड, चित्र तयार झालं की मेन थ्रेडला निरोप धाडतो. खिडकीला हात लावत नाही!