वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट : खेळाडूंचा समाज

ब्लिझर्ड कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये आणलेला ऑनलाइन खेळ. सुरुवातीला त्याचा प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक गावच होते. गुहेतल्या मोहिमेला पाच जण जमवायचे, तर खेळातल्या ऑरग्रिमार शहरात उभे राहून चॅटवर ‘हीलर (जखमा भरून काढणारा) हवा’ अशी हाकाटी करावी लागे. मग गुहेपर्यंतची पायपीट. लूट ढापणाऱ्याची बदनामी सर्व्हरभर होई आणि पुढे त्याला कोणी सोबत घेत नसे.

डिसेंबर २००९ मध्ये ‘डंजन फाइंडर’ आला.

बटण दाबताच निरनिराळ्या सर्व्हरांवरचे अनोळखी खेळाडू एकत्र येऊ लागले. वेळ वाचला, पण भीडही चेपली : पुन्हा भेटायचेच नाही, तर रामराम तरी कशाला? ऑगस्ट २०१९ मध्ये जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ नावाने परतली, ती या सोयीविनाच.