गोव्याचा कार्निव्हल ही ब्राझीलची नक्कल आहे का?

पणजीतल्या चित्ररथांच्या रील्स आल्या की खाली हमखास कमेंट दिसते, 'ही तर ब्राझीलची नक्कल!' यात तथ्य आहे, पण अर्धंच.

मूळ एकच

पोर्तुगीज १५०० मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. दोन्हीकडे हा सण त्यांच्यासोबत आला. ईस्टरआधी ख्रिस्ती लोक ४० दिवस उपवास आणि संयम पाळतात. त्याआधीच्या मौजमजेला पोर्तुगीज भाषेत 'एंत्रुदु' म्हणतात, गोव्यात त्याचं 'इंत्रूज' झालं. एकमेकांवर पाणी आणि पीठ उडवायचं, थट्टामस्करी करायची, कुणी रागवायचं नाही. थोडक्यात, आपली धुळवडच.

वाटा वेगळ्या

ब्राझीलमध्ये १९व्या शतकात या धुडगुसावर वारंवार बंदी आली. श्रीमंत लोक मुखवटे घालून नाचण्याच्या मेजवान्यांकडे वळले. १८८८ मध्ये गुलामगिरी संपली. पुढे रिओतल्या गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये सांबा संगीत घडलं. सुरुवातीला पोलिसांना खुपणारा सांबा नंतर देशाची ओळख बनला. सांबा मंडळांच्या स्पर्धा १९३२ मध्ये सुरू झाल्या. आपल्या गणेश मंडळांसारखीच तिथली मंडळंही वस्तीच्या नावाने ओळखली जातात.

गोव्यात सासष्टीच्या गावांमध्ये 'खेळ' रंगायचे. गाणी आणि विनोदांनी भरलेली ही नाटुकली भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या अंगणातही व्हायची. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करायचे. चांदर गावात मुसळं आपटत नाचायचा 'मुसळ खेळ' आजही होतो. यातलं काहीही ब्राझीलहून आलेलं नाही.

मग रिओसारखं काय आहे?

चित्ररथांची मिरवणूक. गोवा मुक्त झाल्यावर, १९६५ मध्ये, तिमोतेव फर्नांडिस यांच्या पुढाकाराने ती पणजीत सुरू झाली. तिच्यासमोर नमुना रिओचा होता. 'खा, प्या, मजा करा' असं फर्मान काढणारा किंग मोमो रिओतही असतो.

वाद कशावरून?

मिरवणूक पर्यटकांसाठी आणि जाहिरातींसाठी उरली, गावचे खेळ मागे पडले, अशी तक्रार गोव्यातच ऐकू येते. रिओतही मुख्य सोहळा १९८४ पासून तिकीट लावलेल्या स्टेडियममध्ये होतो, तर रस्त्यावरच्या फुकट टोळ्यांमध्ये कुणीही नाचू शकतं. त्यामुळे नक्कल कोणी केली, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे: सण नाचणाऱ्यांचा की बघणाऱ्यांचा?