शरीराची परीक्षा आणि व्यायामाची गोडी

परीक्षा म्हटली की आपल्याला गणित आणि भाषा आठवते. पण शाळेत मुलांच्या शरीराचीही परीक्षा होते. तिचा थोडा इतिहास मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त सांगते.

मुंबई इलाख्याच्या सरकारने १९३७ साली शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद तिचे अध्यक्ष होते. पुढल्याच वर्षी आपल्या उपनगरात, कांदिवलीला, व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. व्यायाम म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पुरुषांची जागा, अशी जुनी समजूत. शाळेच्या वेळापत्रकात व्यायामाचा तास आला, तेव्हा मुलींनाही ते दार उघडले.

स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली, आझाद हिंद सेनेतील जनरल जगन्नाथराव भोसले यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. मग १९५९-६० मध्ये केंद्र सरकारची शारीरिक क्षमता मोहीम आली. धावणे, उडी, फेक यांची मापे ठरलेली; ती गाठणाऱ्यास एक, दोन किंवा तीन तारे. २०१९ पासून 'खेलो इंडिया'च्या चाचण्या आल्या. लहानांनी एका पायावर तोल सांभाळायचा. मोठ्यांनी ५० व ६०० मीटर धावायचे, बसून पुढे वाकायचे, जोर काढायचे. उंची आणि वजनही मोजतात.

तारे मिळाले त्यांचा हुरूप वाढला असेल. पण ज्यांना मिळाले नाहीत त्यांचे काय? अमेरिकेत १९५३ च्या सुमारास तिकडची निम्म्याहून अधिक मुले साध्या चाचणीत नापास झाली. युरोपातली दहांत एकही नाही. मोठी खळबळ उडाली. १९६६ पासून पहिल्या फळीतल्या मुलांना राष्ट्राध्यक्षांचे पारितोषिक मिळू लागले. पुढे लक्षात आले की, मागे पडणारे मूल त्यामुळे धावायला लागत नाही, उलट लपायला शिकते. म्हणून २०१२-१३ च्या सुमारास ती पद्धत थांबली आणि ज्याचे त्याचे आरोग्य पाहणारी चाचणी आली. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने जुनी पद्धत पुन्हा आणण्याचा हुकूम काढला. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडेही हेच दिसते. आमच्या शेजारच्या एका मुलीचे वजन वर्गात मोठ्याने वाचले गेले. मुली हसल्या. तेव्हापासून खेळाच्या तासाला तिच्या पोटात दुखते! चाचणी वाईट नव्हे; वैद्यसुद्धा नाडी पाहतोच. पण तो ती चारचौघांत ओरडून सांगत नाही.

तेव्हा पालकसभेत आपण दोन गोष्टी मागू या. वजन व गुण ज्याचे त्यालाच कळावेत, आणि तुलना वर्गातल्या पहिलीशी नव्हे, तर मुलीच्या स्वतःच्या गेल्या वर्षाशी व्हावी. घरीही "किती जाड झालीस" म्हणण्याऐवजी संध्याकाळी तिला सोबत घेऊन फिरायला निघावे. आपल्या गुडघ्यांनाही ते मानवेल.