घर राखणारा माणूस

श्रोतेहो, वाडा कोणी बांधला हे घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. पण दर साल मृगाच्या आधी त्या वाड्याची कौलं परतायला कोण चढत होतं, असं विचारलं तर कोणालाच आठवत नाही. आज त्या विसरलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलू. उदाहरणाला पनवेल घेऊ.

पूर्वी खेड्यात डागडुजीचं काम बलुतेदारांकडं असे. सुतार-लोहारांनी वर्षभर काम करावं आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यावं, असा रिवाज होता. पोटाची सोय होती खरी. पण काम जातीला बांधलेलं होतं, आणि घाणीची कामं कोणाच्या माथी आली हे आपण जाणताच.

पनवेल हे गाढी नदीकाठचं, खाडीवरचं जुनं बंदर. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरच्या बैलगाड्यांची इथं रीघ लागली. गाड्या आल्या म्हणजे चाकं झिजणार, मोडणार! तेव्हा चाकं करण्याचा धंदा इथं भरभराटला. जुन्या गॅझेटिअरातही त्याची नोंद आहे. पुढं १८६३ साली आगगाडी बोरघाट चढू लागली आणि ही वर्दळ ओसरत गेली.

मग १९७० साली सिडको स्थापन झाली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि २०१६ साली पनवेलला महानगरपालिका झाली. कौलांच्या जागी गच्ची आली, विहिरीच्या जागी टाकी आली. कौलं परतणाऱ्याच्या जागी आला सोसायटीचा देखभाल कामगार. आपल्याच गावचे कितीतरी तरुण आज हे काम करतात.

त्याचा दिवस पंपानं सुरू होतो. पाणी आपणहून खाली येतं, वर चढत नाही; म्हणून ते आधी पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. टाकी भरली की बॉलकॉक तरंगून वर येतो आणि तोंड बंद करतो. तो अडकला की पाणी वाहून जातं, नि खालची टाकी कोरडी पडली तर पंप जळतो. शिवाय जिन्यातले दिवे, गळके नळ, तुंबलेली गटारं त्याच्याकडंच. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींत दुरुस्तीसाठी बांधकाम-खर्चाच्या किमान पाऊण टक्का निधी दर साल काढावा असं सांगितलं आहे. भिंतींची काळजी घेतली, हे ठीकच. पण माणसाची?

२०१९ च्या डिसेंबरात मुंबईच्या गोवंडीत एका खासगी सोसायटीची मैलाटाकी साफ करताना तीन कामगार मेले. संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश शासनाला दिला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली.

हे मृत्यू होतात कसे, ते शिक्षकांनी मुलांना जरूर समजावून सांगावं. बंद टाकीत मैला कुजून विषारी वायू साठतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण वायू जास्त असला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. ‘आता वास नाही, उतर’ असं म्हणणं म्हणूनच घातक. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा धावतो, आणि तोही पडतो.

मंडळी, आता खेड्यातल्या शौचालयांनाही टाक्या आहेत. ती भरली की नगरपालिकेची नाहीतर खासगी उपसा-गाडी बोलवा, तिच्या नळीनं मैला ओढून घ्या. गाडीला चार पैसे जास्त पडतील. ते वाचवायला कोणी ‘एखादा माणूस बघा, उतरेल’ म्हणाला, तर त्याला तिथंच थांबवा. बलुत्याच्या काळी ज्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती, त्यांच्या वतीनं आज आपण नाही म्हणू या.