नऊ दिवसांत गहू एकदाच



नालासोपारा स्टेशनवर लोकलमध्ये चढताना कुणाला श्रीपाळराजा आठवत असेल असे वाटत नाही. पण त्याच्या कथेत आपले सोपारा आहे. सोपारकनगरीची राजकन्या तिलकसुंदरी सर्पदंशाने निपचित पडली होती, तिला श्रीपाळाने नवपदाच्या प्रभावाने उठवले. ही कथा रत्नशेखरसूरींनी संवत 1428 मध्ये प्राकृतात लिहिली. पुढे विनयविजयजींनी रांदेरला श्रीपाळ रास रचायला घेतला. संवत 1738 मध्ये ते काळधर्म पावले आणि उरलेला रास यशोविजयजींनी पूर्ण केला. आपण ओळीत ऐकतो तो हाच.

आता वर्णाप्रमाणे केलेल्या आयंबिलाचा हिशोब पाहा (बी.कॉम. झाल्याचा तेवढाच उपयोग!). अरिहंतपद पांढरे, तांदूळ. सिद्धपद लाल, गहू. आचार्यपद पिवळे, चणे. उपाध्यायपद हिरवे, मूग. साधुपद काळे, उडीद. उरलेले चारही दिवस पुन्हा तांदूळ. नऊ दिवसांत गहू एकदाच येतो.

हा हिशोब मी मांडला तो आमच्या नात्यातल्या एका मुलीमुळे. तिला सिलिअॅक निघाला. गहू, रवा, मैदा, जव जन्मभर बंद. घरात रडारड झाली ती औषधावरून नाही, तर हिची ओळी आता कायमची सुटली म्हणून. मला ते पटेना. अडचण एका दिवसाची आहे, आणि त्या दिवशीही तांदूळ घ्यायला महाराजसाहेबांची संमती मिळाली.

खरे तर या किनाऱ्याचे धान्य तांदूळच. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्येही मुख्य पीक म्हणून भातच आहे. रोजची गव्हाची पोळी आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या घरांनी आणली. 1956 च्या पीएल-480 करारानंतर अमेरिकेचा गहू रेशनवर आला, मग हरितक्रांतीचा.

गव्हाचा हा दोषही जगाला उशिराच कळला. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेना, तेव्हा ही आजारी मुले उलट सुधारली. डिकेंचा प्रबंध 1950 चा.

पण नुसता तांदूळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आयंबिलात हिंग चालतो, आणि डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते. वेष्टन वाचा. गव्हानंतर त्याच चक्कीत दळलेले तांदळाचे पीठ अशा मुलीला चालत नाही. आम्ही घरघंटी फक्त तांदूळ आणि डाळींसाठी ठेवली, पोळपाट-लाटणे वेगळे केले. एकदा हात बसला की फारसे काही वाटत नाही.

नुसते पोट फुगते म्हणून गहू सोडू मात्र नका. आधी रक्ताची तपासणी करा. गहू बंद केल्यावर ती खोटीच चांगली येऊ शकते.

आणि दुकानातली महागडी ग्लुटेन-फ्री पिठे? त्यांत बऱ्याचदा बटाट्याचा नाहीतर टॅपिओकाचा स्टार्च असतो, दोन्ही कंदमूळ. आपल्याला ती तशीही चालत नाहीत. इतर दिवशी ज्वारी आहे, मुगाचे पुडे आहेत, आणि वसईत कच्च्या केळ्यांना काय तोटा!