पशुखाद्यातील जीवनसत्त्वे (चेन्नई)

गुरे, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्या यांच्या आहारात अगदी थोड्या प्रमाणात लागणारी, पण कमी पडली की दृष्टी, वाढ आणि वीण बिघडवणारी सेंद्रिय द्रव्ये. चेन्नईत हा विषय फिरून भातापाशी येतो. इथल्या गायीला मिळणारा पेंढा भाताचा, आंबोणातला कोंडा तांदळाचा आणि घराघरातून येणारे उरलेसुरले अन्न म्हणजेही बहुधा भातच.

तांदूळ आणि जीवनसत्त्वे यांची गाठ पहिल्यांदा कोंबड्यांनीच घालून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बटाव्हियात (आजचे जकार्ता) ख्रिस्तियान आइकमान यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला सडीक तांदळाचा भात खाऊन लुळ्या पडल्या आणि असडी तांदूळ मिळताच सुधारल्या. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तत्कालीन मद्रास इलाख्यात, निलगिरीतील कुन्नूरला, रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी हेच कोडे कबुतरांवर तपासले. सडताना माणसाच्या ताटातून जाणारे ब१ जीवनसत्त्व कोंड्यातून गुरांच्या गव्हाणीत पोहोचते, हा या कथेतला गमतीचा भाग. मात्र कोंड्यातले तेल दमट हवेत लवकर खवट होते आणि खवटपणा ई जीवनसत्त्व नष्ट करतो.

धडधाकट मोठ्या गायीला ब गटाची फारशी चिंता नसते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजीव ही जीवनसत्त्वे स्वतःच तयार करतात. ब१२ साठी त्यांना फक्त चाऱ्यातून कोबाल्ट मिळावे लागते. क जीवनसत्त्व गायीच्या यकृतात बनते, ड ऊन पुरवते, आणि उन्हाची चेन्नईत ददात नाही. लहान वासराचे ते पोट तयार झालेले नसल्याने त्याची सगळी भिस्त दुधावर. त्यातही पहिला चीक महत्त्वाचा, कारण जन्मतः वासराजवळ अ जीवनसत्त्वाचा साठा नसल्यातच जमा असतो.

खरा तुटवडा अ चा. वाळलेल्या पेंढ्यात कॅरोटीन जवळजवळ उरत नाही आणि शहरात हिरवी वैरण महाग. यकृतातला साठा काही महिने वेळ मारून नेतो. मग रातांधळेपणा, गाभण न राहणे, वार अडकणे, आंधळे किंवा अशक्त वासरू असे प्रकार सुरू होतात. पोस्टर चघळत फिरणाऱ्या चेन्नईच्या गायी विनोदाचा विषय झाल्या आहेत, पण त्यांना हिरवा चारा किती कमी मिळतो हेच त्यातून दिसते.

या तुटवड्यावर शहरातली एक रूढी नकळत उतारा देते. अमावास्येला गायीला ‘अगत्ति कीरै’ची जुडी घालण्याची इथे पद्धत असून देवळांच्या परिसरात ती विकायला असते. अगत्ति म्हणजे आपला हादगा. त्याचा पाला कॅरोटीन आणि प्रथिने या दोन्हींनी समृद्ध असतो. महिन्यातून एक दिवस पुण्य मिळवण्यापुरता तो पुरेसा असेल. गायीला मात्र रोज थोडा मिळाला तर उपयोग. गोठ्याच्या कुंपणाला हादगा किंवा शेवगा लावणे त्यामुळे बाटलीबंद टॉनिकपेक्षा शहाणपणाचे ठरते.

भाताचा दुसरा धोका अतिरेकाचा. मट्टू पोंगलला (गुरांच्या सणाला) किंवा मेजवानीनंतर गायीसमोर भाताचा ढीग पडतो. शिजलेले पिष्ट पोटात झपाट्याने आंबते, आम्लता वाढते आणि ब१ बनवणारी सूक्ष्मजीवांची घडी विस्कटते. काही जिवाणू तर असलेले ब१सुद्धा तोडतात. त्यातून मेंदूला इजा झाली, तर जनावर डोके भिंतीला टेकवून उभे राहते, त्याला दिसेनासे होते. लवकर दिलेले ब१ चे इंजेक्शन अशा वेळी जीव वाचवू शकते.

कोंबड्यांचा हिशेब वेगळा. चेन्नईची बरीचशी अंडी नामक्कल पट्ट्यातून येतात आणि तिथल्या पिंजऱ्यातल्या कोंबडीला जीवनसत्त्वे जवळजवळ सगळीच खाद्यातून द्यावी लागतात. ब२ घटले की पिलांच्या पायाची बोटे आत वळतात. ब१ घटले तर मान मागे पडून पिलू आभाळाकडे बघत राहते. ड३ कमी पडल्यास अंड्याचे कवच पातळ होते. बलक गर्द पिवळा म्हणजे अ भरपूर, ही समजूत चुकीची; तो रंग मका आणि पानांतल्या ज्या द्रव्यांचा असतो, त्यांपैकी बहुतेकांपासून अ बनतच नाही. क जीवनसत्त्व कोंबडी एरवी स्वतः बनवते, पण मे महिन्यातल्या कत्तिरीच्या (ऐन कडाक्याच्या) उन्हात ते अपुरे पडते, म्हणून पाण्यातून देतात.

साठवण हा पुढचा प्रश्न. किनाऱ्यावरच्या उष्ण, दमट हवेत जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणाची ताकद झपाट्याने घटते, आणि खनिजे व कोलीन क्लोराइड त्याच पोत्यात असतील तर आणखी लवकर. त्यामुळे जाणते खाद्य-उत्पादक ही मिश्रणे वेगळी, कोरड्या आणि थंड जागी ठेवतात आणि लागतील तशी थोडी थोडी आणतात.